बाबा येतू

आमच्या आणि बाईंच्या घरामध्ये जास्वंदीचं कुंपण आहे. त्याला मधोमध एक भगदाड आहे आणि ते माझ्या लग्नाच्याही आधीचं आहे. त्यातून वाटीभर साखर, कढीपत्ता, दोन्ही घरांत मिळून असलेलं एक मांजर आणि वसईतल्या सगळ्या बातम्या जातात-येतात. माणसांनी मात्र फाटकातूनच यायचं, हा बाईंचा नियम. बाई इथल्याच शाळेत शिकवायच्या. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांचं नाव कोणी घेत नाही. त्या नुसत्या बाई. माझा नवरा सहावीत त्यांच्या हाताखाली होता, म्हणून मी त्यांची सूनबाई. स्वतःच्या सुनेला त्या नावाने हाक मारतात.

परवा तिन्हीसांजेला तुळशीशी दिवा लावून वळले, तर भगदाडातून सुकेळ्यांची पुडी आत आली. मी सावध झाले. राजेळी केळी सोलून, उन्हात घालून, रोज वरखाली करून सुकेळी होतात. एवढी मेहनत वसईत कोणी उगाच वाटत नाही. देणाऱ्याच्या घरी कार्य असतं, नाहीतर देणाऱ्याचं काम असतं.

"बाई, लग्न कोणाचं?"

"कसलं लग्न! खाऊन बघ, यंदाची गोड उतरलीत." मग थोडं थांबून, "तो घरात आहे का गं?"

"अंघोळीला गेलाय. आत्ताच गाडीतून उतरून आला."

"बरं बरं, राहू दे," म्हणत बाईंनी प्लास्टिकची खुर्ची भगदाडाशी ओढली. ताकाला जाऊन भांडं लपवायची बाईंची ही जुनी सवय. मीही पायरीवर टेकले. सुकेळं खरंच गोड होतं.

"आमच्या क्वायरचा आवाज येतो का गं तुमच्याकडे?"

येतो का म्हणजे! गणपती उठल्यापासून दर गुरुवारी रात्री साडेआठला बाईंच्या पडवीत तालीम चालते. पॅरिशच्या हॉलचं छप्पर दुरुस्तीला काढलंय, म्हणून सत्तावीस माणसं, एक की-बोर्ड आणि चहाचा थर्मास इकडे आलाय. साडेआठ का, तर त्याआधी यांच्यातलं कोणी चर्चगेटहून पोचत नाही. आणि दोन महिने एकच पालुपद: बाबा येतो, बाबा येतो. माझ्या सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. दर गुरुवारी आतून विचारतात, "कोण येतोय गं? भात वाढवू का?"

हे मी बाईंना सांगितलं तर त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "येतो नाही गं, येतू. बाबा येतू."

"मालवणी आहे होय?"

"स्वाहिली. आफ्रिकेतली. आणि बाबा म्हणजे बाबाच बरं का. येतू म्हणजे आमचे. आमचे बाबा. रोज रात्री आम्ही प्रभूची प्रार्थना म्हणतो ना, तीच अख्खी स्वाहिलीत."

मग बाईंनी मला सगळं सांगितलं. ख्रिस्तोफर टिन म्हणून अमेरिकेतला एक संगीतकार आहे, चिनी वंशाचा. त्याचा कॉलेजातला खोलीसोबती पुढे व्हिडिओ गेम बनवायला लागला. सिव्हिलायझेशन नावाच्या गेमचा चौथा भाग २००५ मध्ये निघाला, त्याच्या सुरुवातीला वाजवायला या मित्राने गाणं मागितलं. टिनने प्रार्थनाच दिली. लोक गेम सुरू करून गाणं संपेपर्यंत नुसते ऐकत बसायचे म्हणे. पुढे सोवेटो गॉस्पेल क्वायरने ते त्याच्या अल्बममध्ये गायलं आणि २०११ साली त्याला ग्रॅमी मिळालं. गेमसाठी लिहिलेल्या संगीताला ग्रॅमी मिळायची ती पहिलीच वेळ.

"हाच तो गेम," बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "ज्याच्यापायी मी नातवाचा कॉम्प्युटर महिनाभर माळ्यावर टाकला होता. आता मीच रोज त्याला विचारते, बाळा, ती दुसरी ओळ परत लाव रे. तो नुसता बघतो माझ्याकडे. काही बोलत नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं."

मला खरं तर कुतूहल होतं ते वेगळं. वसईच्या चर्चमध्ये मराठीत इतकी सुंदर गाणी आहेत; मिस्साला एकदोनदा गेलेय मी. मग हा उपद्व्याप कशाला?

"मास्तरला विचार." मास्तर म्हणजे क्वायरमास्तर. वय सव्वीस, दिवसा लोअर परळला कुठल्याशा ऑफिसात, दाढी कोरलेली. बाई त्याच्यावर चिडतात आणि त्याच्यासाठी थालीपीठही राखून ठेवतात. "तो म्हणाला, मराठी गाणं दिलं की प्रत्येक जण मला शिकवतो. कोणाच्या आजोबांनी ते वेगळ्या चालीत म्हटलं होतं, कोणाच्या मामाने शब्द लिहिले होते. स्वाहिलीत तुमचा कोणाचाच मामा नाही."

हे मला एकदम पटलं. आमच्या भजनी मंडळातही हाच घोळ.

"बरं, सोपी आहे की कठीण, भाषा?"

"आपल्याला सोपी. स्वर अगदी आपले. अ, ए, ई, ओ, ऊ, जसे लिहिले तसे म्हणायचे, इंग्रजीसारखी गाळागाळ नाही. जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर. इथवर आम्ही पहिल्या दिवशी पोचलो. गाडी अडली म वर." बाईंनी खुर्चीच्या हातावर बोटाने फळ्यावर लिहावं तसं लिहिलं. "मुलाला म्हणतात म्तोतो. म वेगळा, पूर्ण मात्रेचा, पण त्याला स्वर नाही. ओठ मिटून सुरातला म काढायचा, मग तोतो. आमच्यातले निम्मे मतोतो म्हणतात, निम्मे अंतोतो. एक जण मोटो म्हणाला. गाण्यातही म वर हाच घोळ. मास्तर म्हणाला, हनुवटीवर बोट ठेवा, म म्हणताना हनुवटी खाली गेली तर चुकलं. सत्तावीस माणसं हनुवटीवर बोट ठेवून बसलेली. तुझ्या सासूबाई गच्चीवरून बघत होत्या, त्यांना वाटलं आम्ही सगळे विचारात पडलोय."

सासूबाईंनी मला तसंच सांगितलं होतं.

तालमीची पद्धत मी कुंपणाआडून पाहिलेली आहे. पहिले तीन आठवडे सूरच नाही. नुसते शब्द, मांडीवर थाप मारत, लयीत. मग सोप्रानो आत स्वयंपाकघरात, आल्टो पडवीत, टेनर विहिरीपाशी. विहिरीपाशी, कारण तिथे घुमतं आणि टेनरना आपण पुष्कळ आहोत असं वाटतं. मग प्रत्येकाच्या फोनवर आपापल्या ओळीची रेकॉर्डिंग. ती ऐकत ऐकत लोकलमधून जायचं. तीन आल्टो एकाच डब्यात असतात. परवा विरार गाडीत चौथ्या सीटवरच्या बाईने त्यांना विचारलं म्हणे, हे स्तोत्र कोणत्या वारी म्हणायचं असतं? आल्टो म्हणाली, गुरुवारी.

"आणि कागद?" मी विचारलं. कारण मागच्या महिन्यात बाईंनी माझ्या मुलाकडून पन्नासेक झेरॉक्स काढून आणवले होते.

"ते तर महाभारत झालं. मास्तरने रोमन लिपीत दिलं. आता टी लिहिलेला असला की तो त की ट? डी म्हणजे द की ड? पोरं इंग्रजी शाळेतली, ती सगळं ट-ड करून म्हणतात. ऐकायला गाडी खडीवरून गेल्यासारखं. मी सगळं बाळबोधीत लिहून काढलं. त तर त, द तर द. पण मग पोरं म्हणतात, बाई, देवनागरी वाचायला वेळ लागतो, तोवर गाणं पुढे जातं. शेवटी पानाच्या डावीकडे रोमन, उजवीकडे देवनागरी. मास्तर म्हणाला, सगळीकडे तच धरा, भांडू नका. आता माझ्या शेजारची सोप्रानो डावीकडे बघते, मी उजवीकडे, आणि दोघींच्या माना एकमेकींवर आपटतात."

नुसतं एवढंच असतं तर वेगळं. यांच्या कार्यक्रमात आणखी एक गाणं आहे, चर्च स्लाव्होनिकमध्ये. रशियन चर्चची जुनी पूजेची भाषा. एस्टोनियाचे आर्वो पेर्त, १९३५ चा जन्म, त्यांनी १९९० साली केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या क्वायरसाठी रचलेलं. बोगोरोदित्से द्येवो. नमो मारिया, आपली मारियेची प्रार्थना. दीड मिनिटाच्या आतच संपतं.

"दीड मिनिटाचं गाणं, आणि दीड महिना गेला," बाई म्हणाल्या. "सुरुवात अगदी कुजबुजीत, आणि भरभर. शब्द डाळीत खडे सापडावे तसे दातांखाली येतात. मग मध्येच एकदम मोठ्याने, मग परत कुजबुज. आता त्या द्येवोचं काय झालं ते ऐक. आमच्या टेनरमध्ये एक जण आहे, त्याला पहिल्या दिवसापासून वाटत होतं, द्येवो म्हणजे देव. आपल्याच घराण्यातला शब्द. म्हणून तो हात जोडून गायचा. मास्तर म्हणाला, देव नाही हो, द्येवो म्हणजे कुमारी. देव इकडे आहे, बोगो मध्ये. बोग म्हणजे देव, आपल्या भगवानातल्या भगाच्या नात्यातला. बोगोरोदित्से म्हणजे देवाला जन्म देणारी. मग त्याने हात सोडले. पण मागच्या गुरुवारी सगळे दमलेले, चहा उशिरा, आणि हा द्येवोचा झाला जेवो. बोगोरोदित्से जेवो. एकाने म्हटलं ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. आता काही केल्या निघत नाही. सगळे भरल्या घशाने मारियेला जेवायला बोलावतात."

"मग जेवूनच घ्या की सगळे आधी."

"तेच केलं. परवापासून पाव-भाजी तालमीच्या आधी."

मी हसत होते, पण बाई एकदम गप्प झाल्या. कुंपणावरच्या जास्वंदीच्या कळ्या खुडत बसल्या, जशा वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलाकडे न बघता डस्टरशी चाळा करायच्या असतील तशा.

"तुला वाटतं, हे नवीन आहे आम्हाला? मी दहा वर्षांची होते तोवर अख्खी मिस्सा लॅटिनमध्ये असायची. घरी कादोडी, शाळेत मराठी, चर्चमध्ये लॅटिन. आम्ही पोरी चर्चच्या माडीवर उभ्या राहून लॅटिन गायचो, घडाघडा. अर्थ? एका अक्षराचा नाही. माझी आजी कधी शाळेत गेली नाही, पण मेलेल्यांच्या मिस्साचं लॅटिन सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाठ. मग रोमला ती परिषद झाली. १९६३ च्या डिसेंबरात ठराव झाला, लोकांच्या भाषेत उपासना करायला हरकत नाही. हळूहळू सगळं मराठी झालं. सगळे खूश. आजी नाराज. ती म्हणायची, आजवर मी काय बोलते ते फक्त देवाला कळत होतं. आता शेजारणीलाही कळतं."

"खरंय त्यांचं."

"म्हणून मी मास्तरच्या बाजूची. पण आजीइतकी नाही हं. अर्थ कळायला हवा. आम्ही तीन आठवडे त्या स्वाहिलीत एक ओळ अशी दणक्यात म्हणत होतो की बस. छाती काढून. मग मास्तरने अर्थ सांगितला. रोजची भाकर दे. आम्ही भाकरी मागत होतो आणि तोंडावर भाव लढाईला निघाल्याचा! त्या दिवसापासून ती ओळ कोणाला मोठ्याने म्हणवतच नाही. सगळे आपोआप खाली येतात. मास्तरने खूण करायच्या आत."

यानंतर मधे आमच्या जरा शब्दांच्या गप्पा झाल्या. बाईंनी नातवाकडून स्वाहिलीचं काहीबाही शोधून घेतलेलं. गाडीला तिकडे गारी म्हणतात, दुकानाला दुका, पैशाला पेसा, चहाला चाय, पुस्तकाला किताबू. शिडाची जहाजं वाऱ्यावर इकडून तिकडे जायची, त्यांच्याबरोबर यातलं बरंचसं गेलं. पण बाईंना सगळ्यात आवडलेला शब्द गेरेझा.

"गेरेझा म्हणजे तुरुंग. आणि आला कुठून? पोर्तुगीज इग्रेजा. म्हणजे चर्च."

"अगंबाई!"

"मोंबासाला पोर्तुगीजांनी १५९३ साली किल्ला बांधायला घेतला. त्याचाही कारभार गोव्याहूनच चालायचा, आपल्या वसईच्या किल्ल्यासारखा. चर्चचा तुरुंग तिकडे कसा झाला ते फादरांना विचारू नकोस. पण आपला तुरुंग हा शब्द तरी कोणाचा? तोही पोर्तुगीजांचाच, त्रोंको. दोनशे वर्षं राहिले इथे, १५३४ ते १७३९. आपल्याला देऊन गेले पाव, बटाटा आणि तुरुंग."

खरी बातमी पुढेच होती आणि ती सांगताना बाईंनी खुर्ची आणखी चार बोटं पुढे ओढली. सोलोची. बाबा येतूमध्ये एक आवाज पुढे गातो आणि क्वायर मागून त्याला उत्तर देतं. इथल्या एका घराण्यात तीन पिढ्या सोलो आहे. नाव सांगत नाही. वसईकरांना सांगायला नको. आजोबा गायचे, वडील गायले, आता मुलगा. बँकेत मोठ्या हुद्द्यावर. मराठी गाण्यात त्याच्यासमोर कोणी तोंड उघडत नाही. मास्तरने सरळ चाचणी घेतली. ज्याला करायचं त्याने म्हणावं, कागद न बघता. बँकेवाल्याने सुंदर म्हटलं, पण प्रत्येक वेळी म पाशी अडखळला. चूक झाली की तो थांबतो. कपाळाला हात लावतो. इतकी वर्षं चुकला नाही, त्याला चुकायची सवयच नाही ना.

"आणि मिळाला कोणाला?"

"रिक्षावाल्याला."

मला माहीत होता तो. स्टेशनपासून आमच्या नाक्यापर्यंत त्याची शेअर रिक्षा. दोन महिने त्याच्या रिक्षात दिवसभर हेच गाणं. मीच एकदा म्हटलं होतं, बाबा रे, काही दुसरं लाव. तो तिसरीनंतर शाळेत गेला नाही. रोमनही वाचत नाही, देवनागरीही अडखळत. त्याने कागद घेतलाच नव्हता. दिवसाला पन्नास फेऱ्या, प्रत्येक फेरीत तीनदा. म वर थांबून, मिटलेल्या ओठांतून सूर काढून, मग पुढे. बाई म्हणाल्या, त्याने म्हटलं तेव्हा पडवीत पंखा सुद्धा मोठा वाजत होता असं वाटलं.

"बँकेवाला रागावला?"

"रागावला. मग त्याच रात्री त्याच रिक्षाने घरी गेला. दुसरी होती कुठे?"

एवढ्यात आतून कुकरची शिट्टी झाली. मी उठायला लागले, तर बाई म्हणाल्या, "थांब, कामाचं राहिलंच." मी मनात म्हटलं, आली सुकेळी उजेडात.

"तुझ्याकडे गीता आहे ना?"

मी बघतच राहिले. बाईंनी समजावलं. त्याच टिनच्या अल्बमात बारा गाणी आहेत, बारा भाषांत. दिवस, रात्र, पहाट असे तीन भाग. जपानी आहे, आयरिश आहे, पोर्तुगीज आहे, मावरी आहे. आणि एक संस्कृत, शुक्लकृष्णे, भगवद्गीतेतलं. मास्तरने तेही घ्यायचं ठरवलंय. फादरांनी परवानगी दिली? दिली, म्हणाले, सभागृहातल्या कार्यक्रमात म्हणा, माझी हरकत नाही, पण उच्चार धड करा, नाहीतर शेजारचे हसतील. शेजारचे म्हणजे आम्ही.

"आठवा अध्याय. तू लहानपणी गीतापठणात बक्षिसं घेतलीस ना?"

घेतली होती. पंधराव्या अध्यायाची. वीस श्लोक, आणि शाळेत सगळ्यांना तोच असायचा. आठव्याचं पान मी जन्मात उघडलं नव्हतं. पण हे बाईंना कशाला सांगायचं! मी रुबाबात म्हटलं, "म्हणून दाखवा कसं म्हणता ते."

बाई म्हणाल्या. शुक्ल ठीक. कृष्णे म्हणताना त्यांनी क्रुष्णे म्हटलं. मीही क्रुष्णेच म्हणते. सगळी वसई क्रुष्णे म्हणते. पण त्यांच्या क्वायरमध्ये एक उत्तर प्रदेशची मुलगी आलीय, नवऱ्याची बदली झाली म्हणून. तिचं म्हणणं क्रिष्णे. आणि मास्तरच्या रोमन कागदावर आरच्या खाली नुसता ठिपका. रु ही नाही, रि ही नाही.

"मग खरं काय गं?"

खरं म्हणजे दोन्ही नाही. जुना ऋ तो ऋच होता, म्तोतोतल्या म सारखा, स्वतःच्या पायावर उभा. र मध्येच थरथरायचा, मागे उ नाही, इ नाही. एवढं मला आमच्या संस्कृतच्या सरांनी सांगितलेलं आठवत होतं, आणि नंतर मी स्वतः आयुष्यभर रु म्हणत आले. मग ष. ष म्हणायचा तर जिभेचा शेंडा वर वळवून टाळूशी न्यायचा. "उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात ना बाई, ते इथे अक्षरशः करायचं." बाईंनी केलं. मीही केलं. दोघी तिन्हीसांजेला कुंपणाच्या दोन बाजूंना जिभा वळवून ष्, ष् करत बसलो. मांजर भगदाडात आलं, दोघींकडे पाहिलं आणि आल्या वाटेने परत गेलं.

मग मला चेव आला. म्हटलं, श्लोक असा म्हणायचा असतो, आणि पंधराव्यातला पहिला श्लोक खणखणीत सुरू केला. आठव्याचा माहीत नव्हता ना. बाईंनी कानावर हात ठेवले.

"अगं हळू! नारोशंकराची घंटा नुसती!"

"घंटा तुमचीच आहे बाई. नाशिकला नेली ती इथूनच नेली." चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर इथल्या चर्चच्या घंटा देवळांत गेल्या, त्यातली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात. मोठ्या आवाजाच्या माणसाला महाराष्ट्रभर जी उपमा देतात ती मुळात वसईच्या चर्चची घंटा, हे मला बाईंनीच लग्न झाल्या झाल्या सांगितलं होतं. तेव्हाही मी मोठ्यानेच बोलत असणार.

"मग येशील ना गुरुवारी? अर्धा तास. फक्त उच्चार."

"येईन." आणि मी पुडीतलं दुसरं सुकेळं घेतलं. म्हटलं, कामाचा मोबदला मिळाला, हिशेब फिटला.

बाई उठल्या नाहीत.

"अंघोळ झाली असेल का गं त्याची?"

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "बाई, तुम्हाला बास हवाय."

त्या काही बोलल्या नाहीत. पण मला गणित ठाऊक होतं. सत्तावीसपैकी बावीस बायका. पाच पुरुष, त्यातला एक सोलोवर गेला, दोन टेनर. उरले दोन. त्यातला एक बाईंचा थोरला दीर, आणि तो दुसऱ्या गाण्यापर्यंत खुर्चीत झोपतो. खालचा सूर म्हणजे घराचा पाया, आणि पाया एका माणसावर. माझा नवरा मात्र फोनवर नुसतं हॅलो म्हणाला तरी पलीकडचे विचारतात, सर्दी झालीय का?

"बाई, तो येणार नाही. तुम्हाला माहितीय का येणार नाही ते."

"चाळीस वर्षं झाली त्याला."

"बेचाळीस."

सहावीत पंधरा ऑगस्टचं समूहगीत बाईंनी बसवलं होतं. याचा आवाज नुकताच फुटायला लागला होता, इतर पोरांच्या आधीच. ओळीत सगळे वर आणि हा खाली. बाई रांगेपाशी आल्या, त्याच्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस. तेव्हापासून हा मनुष्य वाढदिवसालाही गात नाही. राष्ट्रगीताला ओठ हलवतो. लग्नात उखाणा घेतला तो चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात दिला होता, मीच वाचला.

"मला तेव्हा कुठे ठाऊक होतं बास म्हणजे काय," बाई म्हणाल्या. "मी मराठीची. गाणं शिकवायला कोणी नव्हतं म्हणून मला दिलं." मग बराच वेळ जास्वंदीकडे बघत, "आणि स्वातंत्र्यदिनाला मंत्री येणार होते."

मी काय बोलणार! घरात दिवे लागले होते. सासूबाईंनी आतून विचारलं, "कोण येतोय गं? भात वाढवू का?"

तेवढ्यात न्हाणीघराची भगदाडावर उघडणारी खिडकी करकरत अर्धी उघडली. साबणाचा वास आला. तो आत किती वेळ पाणी बंद करून उभा होता कोणास ठाऊक. गुरुवार-गुरुवार करत दोन महिने त्याच खिडकीत दाढी करताना त्याने काय काय ऐकलं असेल, तेही मी कधी विचारलं नव्हतं.

"बाई," आतून आवाज आला, विहिरीच्या तळातून यावा तसा. "आवाज काढला तर चालेल का?"

बाईंनी पदर सारखा केला. बेचाळीस वर्षांपूर्वी हजेरी घेताना करत असतील तसा.

"साडेआठला," त्या म्हणाल्या. "आणि फाटकातून ये."